शार्दूलराजांचे बाण आणि आवळ्याचं झाड

"आठ दिवसांत शिकारीच्या रानात असं फळझाड लाव, की हरणं आपल्या पायांनी आमच्या मचाणाखाली आली पाहिजेत! नाहीतर तुझी बाग जप्त!" शार्दूलराजांनी कोंडिबा माळ्याला बजावलं.

कोंडिबाच्या तोंडचं पाणी पळालं. बारा वर्षांत राजांच्या बाणाला साधा ससाही लागला नव्हता. दोष कधी धनुष्याचा, कधी वाऱ्याचा. यंदा झाडांचा!

"आठ दिवसांत फळ कुठल्या झाडाला येतं गं?" घरी येऊन त्यानं लेकीला विचारलं.

गोजरा रोज त्या रानाच्या कडेनं शेळ्या चारायची. हरणांच्या खोडी तिला ठाऊक होत्या, राजांच्याही. "बाबा, झाडाचं मी बघते."

आठव्या दिवशी राजे लवाजम्यासह आले. मचाण जागेवर नव्हतं! ओढ्याकाठी एक जुना आवळा फळांनी लगडला होता, त्याला खेटून ते बांधलेलं होतं.

"हे झाड तू लावलंस?" राजांनी कोंडिबाला विचारलं.

"झाड आठ दिवसांत वाढत नाही, सरकार. मचाण मात्र एका सकाळीत हलतं!" बापाशेजारी उभी असलेली गोजरा म्हणाली.

"आणि हरणं?"

"येतील. आपण बाण सोडलात की."

"बाण सोडल्यावर हरणं पळतात, मूर्ख पोरी!"

"दुसऱ्यांच्या बाणाला पळतात."

राजे तणतणत मचाणावर चढले. ओढ्यापलीकडे एक हरण दिसलं. सप्पकन बाण सुटला आणि थेट आवळ्यात घुसला. टपटप आवळे पडले. हरणानं कान टवकारले. दुसरा बाण, तिसरा बाण... खाली आवळ्यांचा सडा! मग अख्खा कळप पाडसांसकट ओढा ओलांडून आला आणि मचाणाखाली चरू लागला. राजांनी नाकाखालच्या हरणावर नेम धरला. बाण फांदीत! आणखी आवळे!

सरदारांनी शेल्यात तोंडं लपवली.

"हा काय प्रकार आहे?" राजे गरजले.

"सरकार, आवळा म्हणजे हरणांचा जीव की प्राण, पण तो राहतो उंच. एरवी वानरं फांद्या हलवतात तेव्हा कुठे दोन-चार पडतात. आपण आलात, की जुन्या मचाणावरूनही बाण इथवर येतात आणि ढीग पडतो! बारा वर्षं बघतेय मी. आपल्या शिकारीची तुतारी वाजली, की हरणं जेवायला निघतात!"

राजांचा चेहरा लालबुंद झाला. मिशा थरथरल्या. आणि एकदम ते असे खदखदून हसले, की मचाण गदगदा हललं!

"कोंडिबा, बाग तुझीच! आणि गोजरा, ओढ्याकाठचं हे सगळं रान आजपासून तुझ्या शेळ्यांना इनाम!"