धावड्याची फट

त्या रानात डिंक उदंड होता, पण तो धावड्याच्या झाडांच्या अरुंद फटींत होता. मोठ्या खारीचे खांदे फटीत मावत नाहीत, म्हणून डिंक पिल्लांनीच काढायचा असतो. निदान साळिंदर तसं सांगे, आणि रानातला सगळा डिंक त्याच्याच ताब्यात होता. पिल्लाला दिवसाचं एक बोर पुरे. मोठ्या खारीला तीन द्यावी लागली असती.

वर्ष न भरलेल्या पिल्लाने काम करू नये, असा कायदा होता. तो पाळला जातो का हे पाहायला धनेश पक्षी नेमला होता. तो झाडाझाडावर उतरे. फटींतून इवल्या शेपट्या लोंबत असत. साळिंदर म्हणे, "खेळतायत." धनेश 'खेळणारी पिल्लं' असं लिहून घेई. पहिल्या वर्षी ती तीनशे भरली, तिसऱ्या वर्षी नऊशे.

शेवटच्या धावड्याखाली भामा नावाची खार रिकामी बसली होती. तिची पोर चिमणा वर फटीत होती.

"बाई, तुम्ही तर धडधाकट दिसता. पोरीला का पाठवता?" धनेशाने विचारलं.

"मला काम नाही, साहेब."

"का नाही?"

"पोरं करतात ना."

या उत्तरासाठी धनेशाच्या कागदावर रकाना नव्हता. तो उडून गेला. भामा मात्र आपल्याच बोलण्यापाशी अडकून राहिली.

संध्याकाळी चिमणा उतरताना घसरली. पंजाची बोटं डिंकाने एकमेकांना चिकटली होती, फांदी धरता येईना. भामाने तो पंजा तोंडात धरून डिंक मऊ केला. बोटं सुटेपर्यंत पोर झोपूनही गेली होती.

सकाळी भामा साळिंदराकडे गेली. "आजपासून चिमणा येणार नाही. मी येते."

"तू मावणार नाहीस."

"बघते."

"बघ. डिंक निघेपर्यंत बोर नाही."

ती झाडावर चढून फटीची कड कुरतडू लागली. लाकूड कठीण होतं. पहिल्या दिवशी नुसतं डोकं आत गेलं. दुसऱ्या दिवशी मायलेकींनी साल चघळून दिवस काढला. "भामे, झाड वाळलं तर आपण सगळ्याच उपाशी मरू," शेजारणी म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचे खांदे आत गेले. झाड वाळलं नाही.

शेजारणी खालून माना वर करून पाहत होत्या. त्यांतल्या एकीने आपल्या झाडाच्या फटीकडे नजर टाकली आणि जीभ हळूच स्वतःच्या दातांवरून फिरवली.