मधली भिंत

"पण उघड्या किनाऱ्यावर फोटो काढायला कुणाची परवानगी घ्यायची, उस्ताद?"

शर्वाणीने हे तिसऱ्यांदा विचारलं. वेंगुर्ल्याच्या त्या जुन्या स्टुडिओत कासम उस्ताद फडक्याने भिंगं पुसत होते. सहा वर्षं ती त्यांच्या हाताखाली शिकली होती. परवा कोल्हापुरात तिचं पहिलं प्रदर्शन होतं.

"पेपरवाले काढतातच ना?"

"काढतात."

"वकिलांनाही विचारलं. म्हणाले, काही अडणार नाही."

"मग झालं तर."

झालं कुठे होतं? निमंत्रणपत्रिकेवर तोच फोटो होता, आणि ती पाहून कुणा अनोळखी माणसाचा मेसेज आला होता: 'ही आमच्या वाडीतली. हिला विचारलं होतंत का?'

तिने मोबाइल पालथा घातला होता. तरी नजर तिथेच जात होती.

वादळानंतरची ती सकाळ. होडी उलटी सापडली, आत कुणी नाही. वाळूत उभ्या असलेल्या होडीवाल्याच्या बायकोला कुणीतरी ते सांगितलं, आणि दहा हातांवरून शर्वाणीने बटण दाबलं. एकदा नाही, अकरा वेळा.

शर्वाणी घाईघाईने सोबत आणलेल्या फ्रेमवरची सुतळी आणि कागद सोडू लागली.

"एकदा बघा तरी. बघितलंत की तुम्हीच म्हणाल..."

उस्तादांनी कागदावर तळवा ठेवला.

"तिने बघितलाय?"

"...नाही."

"मग तिच्याआधी मी कसा बघू?"

उस्तादांनी तळवा तसाच ठेवला.

"नाव काय?"

"'प्रतीक्षा' ठेवलंय."

"फोटोचं नाही विचारलं, बेटा."

शर्वाणीचे कान तापले. नाव तिला ठाऊक नव्हतं.

"चेहरा अंधुक करू का? नाहीतर पाठमोरा आहे एक, तो लावते. किंवा खाली दोन ओळींत आभार मानते..."

उस्तादांनी सुतळी पुन्हा बांधली, गाठ घट्ट केली आणि फ्रेम तिच्या हातात दिली.

"त्या वाडीला साडेतीनची एसटी आहे."

शर्वाणी दारापर्यंत पोचली, तोच मोबाइल वाजला. प्रदर्शनाचे व्यवस्थापक होते.

"मॅडम, मधली भिंत तुमच्या त्या फोटोसाठी मोकळी ठेवलीय. कधी पाठवताय?"

"मोकळीच राहू दे," ती म्हणाली. आपण हे बोललो, याचंच तिला नवल वाटलं.

मोबाइल खाली आला तरी ती उंबऱ्यातच थांबली.

"उस्ताद... ती नाही म्हणाली तर?"

उस्तादांनी भिंग उजेडात धरलं.

"तर समज, फोटो इतका चांगला आला होता की तो तिचाच राहिला."