चाललेल्या गोळ्या

एकदा एका नेमबाज तरुणीचे तिच्या नव्या पिस्तुलाशी बिनसले. पिस्तूल घरात येऊन जेमतेम महिना झाला होता, पण राग असा की वीस वर्षे एकत्र काढलेल्या माणसाचा यावा.

तिचे नाव वैजयंता. तालुक्याच्या पोस्टात नोकरी करायची आणि सुटल्यावर रायफल क्लब गाठायचा, हा तिचा नेम. दोन वर्षे तिने क्लबच्या सामायिक पिस्तुलावर सराव केला. ते चौघांत वाटलेले, त्यामुळे आपली पाळी येईपर्यंत हात थंड पडायचा. तिच्या थोरल्या भावाचे, हिंदुरावाचे, गाड्या दुरुस्तीचे गॅरेज होते. यंदा गॅरेजवर नवे पत्रे घालायचे त्याने ठरवले होते. ते काम पुढे ढकलून त्याने बहिणीला तिच्या हक्काचे पिस्तूल घेऊन दिले. बावीस बोअरचे, साधे, दुकानदाराच्या यादीत सगळ्यात खाली असलेले.

आणि ते पिस्तूल अडत होते. गोळी मॅगझिनमधून, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीतून, वर यायची, नळीच्या तोंडाशी तिरकी व्हायची आणि वरची मागेपुढे सरकणारी स्लाइड अर्ध्यावर थांबायची. स्पर्धेत पाच गोळ्या ठरल्या वेळात झाडाव्या लागतात. तिसऱ्या गोळीला हत्यार अडले की नेमबाजाचे मनही तिथेच अडते. अशा वेळी पंच एखादी संधी पुन्हा देतात, दर फेरीला देत नाहीत. रविवारी जिल्हा संघाची निवड होती आणि त्या दिवशी असे होत राहिले तर तिचे वर्ष फुकट जाणार होते.

तिने उपाय केले नाहीत असे नाही. एका संध्याकाळी तिने काडतुसे वेगळ्या कंपनीची आणली, तेल जास्त घातले आणि मूठही अधिक घट्ट आवळली. तिन्ही गोष्टी एकदम. दुसऱ्या दिवशी बरे चालले, तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. बरे कशाने झाले आणि बिघडले कशाने, हे कळायला तिने वावच ठेवला नव्हता. उतावळेपणा बुद्धिमान माणसालाही सुटत नाही. उलट त्याला जरा जास्तच असतो.

गुरुवारी सकाळी तिचा तोल गेला. तिने भावाला फोन लावला आणि सांगितले, की तुझ्या स्वस्ताईने माझे वर्ष खाल्ले. हिंदुराव तेव्हा कुणाच्या तरी जीपखाली उताणा पडून काम करत होता. तो नुसते “बरं” म्हणाला आणि फोन बंद झाला.

त्याच संध्याकाळी ती आबांकडे गेली. आबा म्हणजे सैन्यात तीस वर्षे हत्यारांची दुरुस्ती सांभाळून निवृत्त झालेले सुभेदार. वय पंचाहत्तरीच्या पुढे. क्लबमध्ये त्यांना पगार नव्हता, एक खुर्ची होती, आणि ती रिकामी असली तरी तिच्यावर कुणी बसत नसे. वैजयंताने रिकामे केलेले पिस्तूल त्यांच्यापुढे ठेवून सगळी गाऱ्हाणी सांगितली. स्वस्त माल तो स्वस्तच, हे परत करावे, रविवारी क्लबचे जुनेच मागून न्यावे, असा निकाल तिने देऊनही टाकला होता. आबांनी सगळे ऐकून घेतले आणि किती वेळा अडले ते विचारले. ती म्हणाली, सारखेच अडते. मग किती वेळा चालले, असे त्यांनी विचारले. ते तिने कधी मोजलेच नव्हते.

यानंतर म्हातारा जे वागला, त्याचा तिला काही उलगडा होईना. त्यांनी पिस्तूल उघडून पाहिले नाही. पिस्तुलाबरोबर आलेल्या दोन मॅगझिनांपैकी एकाच्या बुडावर खडूने रेघ मारली, एकाच डबीतली चाळीस काडतुसे मोजून दिली आणि सांगितले, की पाच-पाच भरायची, आलटून पालटून दोन्ही मॅगझिने वापरायची, मूठ रोजच्यासारखी धरायची आणि मध्ये काही बदलायचे नाही. अडली तर ती गोळी काढून बाजूला ठेवायची आणि पुढे जायचे. ती झाडू लागली. प्रत्येक फेरी संपली की ती हत्यार रिकामे करून खाली ठेवायची, आणि आबा गुडघ्यावर हात टेकून कमरेत वाकायचे आणि जमिनीवर उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या एकेक करून वेचायचे. खडूवाल्या मॅगझिनच्या पुंगळ्या बाकावर एका रांगेत, बिनखडूच्या दुसऱ्या रांगेत. तिला लाज वाटली. तिने वाकायला पाहिले तर त्यांनी हातानेच थांबवले.

चार फेऱ्यांनंतर तिला राहवले नाही. तिने अडलेली काडतुसे तळहातावर धरून पुढे केली.

“आबा, बिघाड हिकडं हाय. तुम्ही चांगल्या झालेल्याच काय गोळा करताय?”

“त्या ऱ्हाऊ देत तुझ्यापाशी,” आबा म्हणाले. “त्या तुला पाठ हायेत.”

चाळीस संपल्या. बाकावर दोन रांगा उभ्या होत्या. खडूवाल्या रांगेत वीस पुंगळ्या होत्या, म्हणजे जेवढ्या भरल्या तेवढ्या साऱ्या. बिनखडूच्या रांगेत चौदा. अडलेल्या सहाच्या सहा त्या एकाच मॅगझिनमधल्या. वैजयंताने दोन्ही रांगा बोट लावून पुन्हा मोजल्या. महिनाभर ज्याला ती खोटे नाणे म्हणत होती, त्या पिस्तुलाने तिच्या डोळ्यांदेखत वीसपैकी वीस गोळ्या बिनतक्रार घेतल्या होत्या.

आबा खुर्चीत बसले आणि दम खाऊन बोलले. “पोरी, अडलेलं मोजणाऱ्याला सगळीकडं अडलेलंच दिसतं. मग तो सगळंच टाकून द्यायला निघतो. जे चाललंय ते आधी मांडावं. नळी चालली, स्लाइड चालली, काडतूस चाललं, तुझा हात चालला. ज्याचे त्याचे उपकार मानून एकेकाला बाजूला बसवलं, की दोष बिचारा एकटाच उभा ऱ्हातो. मग त्याला धरायला कितीसा वेळ लागतो? उपकार मानणं म्हंजे भाबडेपणा न्हवं. आमच्या कामात तीच तपासणीची रीत हाय.”

मग त्यांनी बिनखडूचे मॅगझिन खोलले. गोळ्यांना वर ढकलणारी स्प्रिंग बाहेर काढली, तर तिच्या वेटोळ्यांत लालपिवळा चिखल घट्ट बसलेला. आबांनी तो बोटावर घेतला, हुंगला आणि तिच्यापुढे धरला. हळद, कुंकू आणि गॅरेजमधले ग्रीस.

तिला खंडेनवमी आठवली. हिंदुरावाने त्या दिवशी पाने, जॅक, हातोडे धुऊन पुसून पाटावर मांडले होते आणि मधोमध मानाने तिचे पिस्तूल ठेवायला लावले होते. एक मॅगझिन पिस्तुलात होते, ते बचावले. दुसरे शेजारी उघडे ठेवलेले. त्याच्यावर त्याने मूठभर हळदकुंकू वाहिले होते, आणि पूजेनंतर नव्या हत्याराला कोरडे ठेवू नये म्हणून आपल्या पान्यांना लावतो तसे बोटभर ग्रीसही चोपडले होते. ती तिथेच बसली होती. तिने हात जोडले होते.

“म्हंजे दादानंच केलं हे,” ती म्हणाली. तिचा आवाज पुन्हा चढला होता.

आबांनी मॅगझिन आणि ब्रश तिच्या हातात दिला. स्प्रिंग धुवायला, पुसायला, तेलाचा एकच थेंब लावायला सांगितले. ती खाली मान घालून घासत असताना ते अगदी सहज बोलल्यासारखे बोलले.

“हो, त्यानंच केलं. एक अडलेली त्याच्या नावावर लिही. आता त्याच्या चाललेल्या मांड बघू.”

वैजयंताने घासता घासता मांडायला सुरुवात केली. पहिल्या स्पर्धेला एस.टी. चुकली तेव्हा गिऱ्हाइकाची गाडी मागून घेऊन तो पहाटे तिला सोडायला आला होता. वडील गेल्यावर तिचे कॉलेज सुटू दिले नव्हते. पोरीच्या जातीला बंदूक कशाला, असे चुलते म्हणाले तेव्हा तो एकटा बोलला होता. परवाना काढताना तीन वेळा तिच्याबरोबर रांगेत उभा राहिला होता. पुढचे काही आठवायच्या आत तिचे डोळे भरून आले आणि ब्रश थांबला. रांग लांबत चालली होती, आणि दुसऱ्या बाजूला हळदीकुंकवाचा तेवढा एक डाग होता. तोही त्याच्या मायेचाच.

मॅगझिन बसवून तिने आणखी पन्नास गोळ्या झाडल्या. एक अडली. ती आबांकडे बघून हसली. आबा म्हणाले, नवे आहे, अजून अंग मोकळे व्हायचे आहे, चार-पाचशे गोळ्या पोटात जाऊ देत.

क्लबच्या दारातूनच तिने फोन लावला. ती बोलायच्या आधीच हिंदुराव घाईघाईने सांगू लागला, की मी दुपारी काम टाकून दुकानदाराकडे जाऊन आलो, हे परत घ्यायला तो तयार आहे, वरची किंमत मी बघतो, पण रविवारच्या आत दुसरे चांगले आणू, तू जिवाला लावून घेऊ नकोस.

“दादा,” वैजयंता म्हणाली, “तू आणलेलं चांगलंच हाय. सकाळी मी चुकले.”

मग त्याने विचारले, “जेवलीस का?”

रविवारी निवडीत तिची एक गोळी अडली. तिने शांतपणे हात वर केला, पंचांनी पाहिले, फेरी पुन्हा दिली. संघातल्या सहा नावांत तिचे नाव पाचवे आले. मागच्या बाकावर बसलेल्या हिंदुरावाला त्या एका गोळीने घाम फुटला होता, तिला नाही.

आपले माणूस अडते तेव्हा त्याच्या चाललेल्या गोळ्या आधी वेचाव्यात. थोडे वाकावे लागते, एवढेच.