खाचेच्या तिसऱ्या

ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे, खाडीच्या पाण्याची शपथ. फार वर्षांपूर्वी घडली. आता फार म्हणजे तशी फार नव्हे. आणि ती याच खाडीत घडली का पलीकडच्या, यावरून दोन वाड्यांत अजून बोलणं बंद आहे. पण खरी आहे.

किरमाडीच्या खाडीकाठी येसू खारवीण राहायची. नवरा दर्यात गेला, होडीही त्याच्याबरोबर गेली. वाडीत ज्यांच्या दारी होडी नाही अशा बायकांचं पोट चिखलाच्या एका पट्ट्यावर चालायचं. ओहोटी लागली की तिथं बसायचं, बोटांनी चिखल चाळायचा आणि शिंपल्यातल्या तिसऱ्या काढायच्या. दोन्ही वेळचं कालवण तेच.

येसूही काढायची. पण नखाएवढं पिल्लू हाती लागलं की त्याच्या कडेला दातानं बारीक खाच पाडायची आणि परत चिखलात सोडायची. यंदा खाच डावीकडे, तर पुढच्या साली उजवीकडे. असं बारा वर्षं. असं म्हणतात, की तिचे पुढचे दोन दात झिजून तांदळाएवढे उरले.

“काय गं येसूवैनी, नावंबिवं ठेवतेस का त्यांना?” शेजारची गोदी विचारायची.

“ठेवते की. जिचं तोंड मिटतच नव्हतं तिला तुझं दिलंय.”

वाडी समजायची, शेवाळ धरतं तशा तिसऱ्या चिखलातून आपोआप होतात. येसूला मात्र खाचांवरून कळलं, की तिसरी वाढायला दोन वर्षं घेते आणि तोवर तिच्या पोटी अंडी धरत नाहीत.

मग एका साली खोताच्या मनात आलं, देवळापुढं तळं बांधावं. तळ्याला चुना हवा, चुन्याला शिंपले. हुकूम सुटला: सगळा पट्टा खरवडा, लहानमोठं भट्टीत घाला. बायकांचं धाबं दणाणलं. येसू खोतापुढं जाऊन उभी राहिली.

“धनी, पट्टा संपला तर आम्ही खायचं काय?”

“खुळी की काय तू? चिखल आहे तोवर तिसऱ्या आहेत.”

“त्या पलीकडच्या काठालाही चिखलच आहे. तुमच्या वडलांनी खरवडला होता. तिथली एक काढून दाखवा, मग आमचा पट्टा न्या.”

चारचौघांत बोलली. खोताला मागं सरता येईना. धोतर खोचून पलीकडच्या चिखलात उतरला. असं म्हणतात, की सात ओहोट्या तो चिखल चाळत होता, पाठीवर बगळे येऊन बसले, पण हाती एक तिसरी लागली नाही. आठव्या ओहोटीला त्यानं बायकांच्या पट्ट्यावर पाऊल टाकलं मात्र, हजारो खाचेच्या तिसऱ्यांनी एकदम पिचकाऱ्या मारल्या. खोताचं पागोटं उडालं ते थेट देवळाच्या कळसावर.

“मग किती घेऊ?” खोतानं विचारलं.

येसूनं पदराची गाठ सोडली. नवरा गेल्यावर पायातनं काढलेलं जोडवं त्यात होतं. “यातून जी आरपार जाते ती खाडीची. बाकीच्यांचं मांस आमचं, शिंपले तुमचे.”

तळं पुरं व्हायला अकरा वर्षं लागली.

आजही किरमाडीत तिसऱ्यांच्या टोपलीला जोडवं बांधलेलं असतं. नवी सून पहिल्यांदा चिखलात उतरली, की एका पिल्लाला दातानं खाच पाडून येसूच्या नावानं सोडते.

आता, पिचकाऱ्यांचं आणि पागोट्याचं तेवढं पदरचं आहे. नाहीतर नुसतं सांगायचं, की खोतानं आपले रिकामे हात पाहिले आणि ‘माझं चुकलं’ म्हणाला, तर विश्वास कोण ठेवील?