थंडी कोंडायला निघालेलं गाव

फार फार वर्षांपूर्वी, राज्य कुणाचं होतं ते मला विचारू नका, डोंगराआड हरभरा पिकवणारं एक गाव होतं. तिथे ठकूबाई नावाची म्हातारी राहायची. घरात आंधळा नवरा आणि दोघांच्या पोटाला एकच वावर.

गावाला सगळी बारीक पाखरं सारखीच. दिसलं की चिमणी म्हणून मोकळे! ठकूबाईची नजर मात्र पक्की. दिवाळीच्या सुमारास एक करडं-पांढरं, लांब शेपटीचं पाखरू उतरायचं. ते चिमणीसारखं टुणटुण उडत नसे, तुरुतुरु चालायचं आणि शेपटी सारखी खालीवर आपटायचं. तोच धोबी. धोबी आल्याचं ठकूबाईने सांगितल्याशिवाय पाटील पेरणीला हात लावत नसे.

धोबी आला की थंडी पडायची, गेला की ऊन तापायचं. म्हणून थंडी धोबीच घेऊन येतो, असं गावाने ठरवून टाकलं होतं.

एका वर्षी पेरणी लांबली. हरभऱ्याचे घाटे दाण्यांनी भरायच्या आतच ऊन चढलं आणि धोबी परतीसाठी गोळा होऊ लागले. पाटील ठकूबाईच्या दारात आला.

"मावशी, पाखरं गेली म्हंजे थंडी बी गेली. घाटं पोचट ऱ्हातील. सांजच्याला कुठं बसत्यात ती? तुलाच ठावं."

ओसरीवरून म्हातारा ओरडला, "सांगू नगंस! थंडीच्या मागनं येत्यात ती. थंडी काय त्यांच्या पंखाला बांधल्याली न्हाई."

ठकूबाईलाही हे ठाऊक होतं, खोटं कशाला बोला. पण डोळ्यांपुढे पोचट घाट्यांनी भरलेलं तिचं वावर आलं आणि ती घाबरली. ती हळूच म्हणाली, "तळ्याकाठच्या लव्हाळ्यात."

दिवस मावळताना गावाने जाळी टाकली. एकूण एक धोबी धरला आणि कोंबड्यांच्या डालग्यांखाली कोंडला. पुढ्यात ज्वारी टाकली.

"दाणं न्हाई खात ती. किडं-अळ्या खात्यात," ठकूबाई म्हणाली.

"भूक लागली की खातील," पाटील म्हणाला. यावर ती गप्प बसली.

पाखरांनी दोन दिवस डालग्यांवर धडका मारल्या. चौथ्या दिवशी डालगी उचलली, तर सगळी मरून पडलेली. ऊन तापतच राहिलं. निम्मे घाटे पोचट निघाले.

पुढच्या वर्षी थंडी वेळेवर आली, चांगली कडाक्याची आली. धोबी मात्र एकही आला नाही. दरसाल तीच पाखरं आपली पिल्लं घेऊन त्या तळ्यावर यायची. आता ती वाट ठाऊक असलेलं कुणी उरलंच नव्हतं.

हरभरा तरारला आणि त्यावर अळी पडली. वेचायला पाखरू नाही. आठ दिवसांत वावरं खराट्यासारखी झाली. लोक हाताने अळ्या वेचून थकले, मग एकेक घर गाव सोडू लागलं. म्हाताऱ्याला चालवत नव्हतं, म्हणून ठकूबाई मागे राहिली. चैत्रात तो उपासाने अंथरुणाला खिळला.

ती रडत म्हणाली, "तुमी म्हनाला व्हता, मी ऐकलं न्हाई."

म्हातारा म्हणाला, "माझं ऱ्हाऊ दे. तुला बी ठावं व्हतंच की."

त्यानंतर तो बोलला नाही. ठकूबाईने त्याला एकटीनेच माती दिली, कारण हात लावायला गावात दुसरं कुणी राहिलंच नव्हतं.

तात्पर्य: ज्याला खरं ठाऊक आहे तोच भीतीपोटी गप्प बसला, तर अडाण्यांनी केलेलं पापही त्याच्याच माथी लागतं.