देवाचे दोन्ही हात भरलेले

मेक्सिकोतल्या एका प्राचीन नगरीत पावसाचा देव भिंतीवर रंगवलेला आहे. गोल चष्मा लावावा तसे डोळे, बाहेर आलेले सुळे, एका हातात वीज, दुसऱ्या हातात मडके. मडक्यापासून पार जमिनीपर्यंत निळे ओघळ उतरले आहेत. पाहुण्यांनी तिकडे बोट दाखवले, की तिथली युलालियाआजी शाल सावरते आणि म्हणते, हे ओघळ कुणी काढलेले नाहीत, आपणहून आलेले आहेत.

फार पूर्वी तेकोल नावाच्या चिताऱ्याने हे चित्र काढले. त्या वर्षी म्हणे पावसाने दडी मारली आणि हातभर उगवलेला मका सुकू लागला. तेकोलची बायको मियावा देवाला बोलून बसली, की तू माझ्या हातचे खाल्ल्याशिवाय मी मक्याचा कण तोंडात घालणार नाही. आता त्या मुलखात मक्यावाचून दुसरे असते काय? बिचारी निवडुंगाच्या भाजीवर राहिली. रोज मक्याच्या पानात वाफवलेले मुटके चित्रापुढे ठेवी. देव काही उचलेना. मग तेकोलच उचली, आणि वर मीठ कमी पडले म्हणे.

एका सकाळी पोटात कावळे ओरडत असताना मियावाने देवाकडे नीट निरखून पाहिले.

"अहो, देव जेवणार कशाने? दोन्ही हात तुम्ही भरून ठेवलेत."

तेकोल म्हणाला, पुजाऱ्यांनी सांगितले तसेच काढले.

"निदान मडके तरी खाली ठेवा त्याचे."

"गिलावा वाळला. आता त्याला स्वतःलाही ठेवता यायचे नाही."

मियावाला देवाची दयाच आली. आपले हात पिठात असले की नाकावरची माशी हाकलता येत नाही, तशी त्याची गत. ती उपड्या टोपलीवर चढली, कढत मुटका सोलला, आणि लेकराला भरवावे तसा देवाच्या ओठांना लावला. म्हणाली, "हात असू दे भरलेले. आ कर."

मुटक्याची वाफ भिंतीला लागली. मडक्याचा निळा रंग कच्चा निघाला आणि सुटला खाली धावत. तेकोलने कपाळावर हात मारला. पुजारी त्याच दिवशी चित्र पाहायला यायचे होते. ते आले तेव्हा तेकोल ओघळ झाकायला हात पसरून भिंतीला चिकटून उभा होता. पुजाऱ्यांनी त्याला बाजूला सारले. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावरून पाणी निथळत होते.

"पुसू नकोस," ते म्हणाले. "मडके ओतलेय त्याने."

मियावाला हे ऐकायला सवड नव्हती. ती कोपऱ्यात बसून उरलेले मुटके खात होती. मीठ खरेच कमी होते, असे सांगतात.

आजही त्या गावात पेरणीच्या सकाळी बायका मातीच्या देवाला पहिला घास आपल्या हाताने भरवतात. मागे त्यांचे नवरे उभे असतात, एका हातात बियाणे, दुसऱ्या हातात पेरणीची काठी, आणि तोंडे उघडी. त्यांनाही भरवावे लागते. युलालियाआजी म्हणते, त्यातल्या त्यात देव बरा, मिठाचे नाव काढत नाही.