चाळीस तासांचं विमान

प्राणी एकमेकांशी देवघेव करत, त्या काळी एका तळ्यात एक म्हातारं कासव राहत होतं. हिमालयापलीकडची एक हंसी दर हिवाळ्यात त्याच्याकडे यायची. त्या वर्षी ती आली नाही. उन्हं तापू लागली, तेव्हा कासव मुंगसाचं जुनं, छोटं विमान बघायला गेलं. शेजारचा बेडूक सोबत होता.

"पंखांना केवढा गंज चढलाय!" बेडूक म्हणाला.

"गंज नाही, अनुभव आहे तो," मुंगूस म्हणालं. "कासवकाका, तुमची ऊन खायची शिळा मला द्या आणि विमान न्या."

"पण हे पोसायचं कसं?" बेडूक म्हणाला. "तेल हवं, छप्पर हवं, दरवर्षी तपासणी हवी."

कासवाने एवढंच विचारलं, "इंजिनाचे तास किती उरलेत?"

"चाळीस. हंसीच्या सरोवरापर्यंत तीस लागतील."

म्हणजे जाणं होणार होतं, परत येणं नाही. "चालेल," म्हणत कासव आत चढलं. निरोप घ्यायला ते बेडकाकडे वळलं, पण 'येतो' हा शब्द काही तोंडून निघेना.

"म्हणा की काका, येतो म्हणून! 'जातो' कुणी म्हणतं का?" बेडूक म्हणाला. "म्हणजे मी वाट बघायला मोकळा."

हंसीही 'येते' म्हणूनच गेली होती. त्या एका शब्दावर कासवाने सबंध हिवाळा आभाळाकडे बघत काढला होता. त्याने बेडकाकडे पाहिलं. तो मान वर करून थांबला होता.

"नाही परवडणार," कासव मुंगसाला म्हणालं, आणि सावकाश खाली उतरलं.